लाकूड शेताचं, कोळसा मात्र जंगलाचा



बायोचार हा शब्द आता आपल्याकडं पोचला आहे. कृषी मेळाव्यात बोलतात, बचत गटाच्या बैठकीत बोलतात, आणि कुठं कुठं चारचाकीतून उतरलेला माणूस चावडीवर बसून बोलतो. कुणी जैव कोळसा म्हणतं, कुणी काळं सोनं म्हणतं. गरिबाच्या दारात कुणी सोनं घेऊन आलं की आम्ही आधी आपला सातबारा कुठं ठेवलाय ते बघतो. म्हणून या अंकात या गोष्टीवर सविस्तर लिहायचं ठरवलं. धाराशिव जिल्ह्यातल्या आपल्या वस्त्यांना हे जास्त लागू आहे, पण रायगड, नंदुरबार, गडचिरोलीकडच्या वाचकांनीही वाचावं. कायदा सगळ्यांना एकच आहे.

आधी वस्तू काय ते बघू. तुराट्या, पऱ्हाट्या, उसाचं पाचट, वेड्या बाभळीचं लाकूड, काहीही घ्या. ते उघड्यावर जाळलं की राख होते. तेच हवा कोंडून, धुमसत ठेवून भाजलं की कोळसा होतो. वाळलेल्या मालाच्या साधारण चौथा ते तिसरा हिस्सा कोळसा हाती लागतो. हा कोळसा चुलीत घातला तर जळून जातो. जमिनीत पुरला तर शेकडो वर्षं कुजत नाही. झाडानं हवेतून ओढून घेतलेला कार्बन त्याच्यात कोंडलेला राहतो. जगाची हवा तापते आहे, कारखानदारांना आपल्या धुराचा हिशेब द्यावा लागतो आहे, म्हणून असा कोंडलेला कार्बन विकत घ्यायला मोठ्या कंपन्या तयार आहेत. २०२५ च्या जानेवारीत गूगल कंपनीनं आपल्या देशातल्या वराह नावाच्या कंपनीशी करार केला, २०३० पर्यंत एक लाख टन कार्बन डायऑक्साइडचं श्रेय विकत घेण्याचा, आणि तो सगळा बायोचारमधून यायचा आहे. म्हणजे ही हवेतली गोष्ट राहिलेली नाही. पैसा खरा आहे.

पण वस्तू काय आहे? कोळसा आहे. आपल्या कातकरी भावाबहिणींच्या हातात बायोचारचा तुकडा ठेवा आणि विचारा. ते वास घेतील, मोडून बघतील, वाजवून बघतील आणि सांगतील की कोळसा आहे, नीट भाजलाय का कच्चा राहिलाय तेसुद्धा सांगतील. दिवाळी झाली की रायगडच्या वाड्यांमधून कुटुंबं उठतात, मराठवाड्यात, सोलापूरकडं, कर्नाटकात कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. वेडी बाभूळ तोडायची, लाकूड रचायचं, त्यावर पालापाचोळा आणि माती थापायची, भोकं ठेवायची, रात्र रात्र जागून कुठं धूर पांढरा येतोय आणि कुठं निळा ते बघायचं, फट पडली की लगेच लिंपायची, नाहीतर सगळा माल राख. विज्ञानाच्या भाषेत याला जे काही म्हणत असतील ते म्हणोत. हे काम आपल्या माणसांना येतं, आणि ते काम करताना त्यांचे डोळे आणि छाती जाते, हेही तितकंच खरं. भट्टीच्या धुराचं कौतुक आम्ही करणार नाही.

आता कायद्याकडं येऊ.

१९२७ चा भारतीय वन कायदा. त्याच्या कलम २ मधल्या चौथ्या पोटकलमात वनउपज म्हणजे काय ते सांगितलं आहे. तिथं दोन याद्या आहेत, आणि दोन याद्यांमधला फरक फार थोड्या लोकांना माहीत असतो. दुसऱ्या यादीत झाडं, पानं, फुलं, फळं, गवत, वेली, मध, मेण, हाडं, शिंगं, माती, दगड हे सगळं आहे. पण या वस्तू जंगलात सापडल्या किंवा जंगलातून आणल्या तरच त्या वनउपज. शेतातलं गवत वनउपज नाही, बांधावरच्या आंब्याचं पान वनउपज नाही. सरळ आहे.

पहिली यादी वेगळी आहे. इमारती लाकूड, कोळसा, रबराचा चीक, कात, लाकडाचं तेल, राळ, नैसर्गिक रोगण, साल, लाख, मोहाची फुलं, मोहाच्या बिया, कुठ आणि हिरडे. या वस्तू जंगलात सापडल्या असोत वा नसोत, जंगलातून आणलेल्या असोत वा नसोत, त्या वनउपजच.

परत वाचा. जंगलातून आणलेल्या असोत वा नसोत.

आता धाराशिव जिल्ह्याचं घ्या. इथं जंगल किती? जिल्ह्याच्या एकूण जमिनीच्या एक टक्कासुद्धा नाही. येडशीच्या रामलिंग घाटाचं अभयारण्य, बालाघाटाच्या उतारावरचे काही पट्टे, बस. बाकी शेती, माळ, गायरान आणि त्यावर माजलेली वेडी बाभूळ. ही बाभूळ आपल्या देशातली नाही, ती अमेरिका खंडातून आणलेली. सरकारनंच बी टाकलं असं जुनी माणसं सांगतात. शेळ्या शेंगा खातात, लेंडीतून बी पडतं आणि दोन पावसाळ्यात माणूस शिरू शकत नाही इतकी गर्दी होते. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात परवानगीशिवाय तोडू नये अशा झाडांची जी यादी आहे, साग, मोह, आंबा, चिंच, खैर, हिरडा वगैरे, त्यात वेड्या बाभळीचं नाव नाही. म्हणजे शेतकऱ्यानं आपल्या बांधावरची वेडी बाभूळ तोडली तर त्या कायद्यानं गुन्हा नाही. उलट शाबासकी. पण त्याच बाभळीचा त्यानं आपल्याच शेतात कोळसा केला, की तो पहिल्या यादीत गेला. जंगल कधी बघितलं नाही असा कोळसा वनउपज झाला. मग कलम ४१ नं वनउपजेच्या वाहतुकीवर नियम करायचा अधिकार सरकारला आहे, त्यातून वाहतूक पास आला, नाका आला, टेम्पो अडला, आणि टेम्पो अडला की काय काय होतं ते वाचकांना सांगायची गरज नाही.

त्यावर कलम ६९ आहे. वनउपज कुणाच्या मालकीची असा वाद उभा राहिला तर उलट सिद्ध होईपर्यंत ती सरकारचीच आहे असं मानायचं. म्हणजे पोतं तुमचं, घाम तुमचा, बाभूळ तुमच्या बांधावरची, आणि ते तुमचं आहे हे सिद्ध करायची जबाबदारीही तुमचीच. "लाकूड आमचं आन् कोळसा सरकारचा, ह्ये कसं काय?" असं आपल्याकडं विचारतात, आणि याला कायद्यातलं उत्तर हेच आहे.

आणखी एक गोष्ट. राखीव जंगलात काय करू नये याची यादी कलम २६ मध्ये आहे. त्यात दगड काढणं, चुना भाजणं, कोळसा भाजणं हे एका दमात लिहिलंय. १९२७ साली हे लिहिणाऱ्यांच्या मनात कोळसा म्हणजे सरकारच्या लाकडाची चोरी एवढंच होतं. रेल्वेला, आगबोटीला, लष्कराला लाकूड पाहिजे होतं आणि जंगलातला माणूस ते भाजून विकत होता, हा त्यांचा राग. पहिल्या यादीत कोळशाच्या जवळच कात आहे हे वाचकांनी बघितलं असेल. खैराच्या लाकडातून कात काढणारे म्हणून कातकरी. त्यांचा कातही यादीत आणि कोळसाही यादीत. एका जमातीचे दोन धंदे एका ओळीत सरकारनं आपल्या नावावर लिहून घेतले. आज त्या जमातीला अतिअसुरक्षित आदिवासी म्हणून वेगळ्या योजना लागतात, याचं कारण शोधायला फार लांब जायला नको.

आगीचीही अशीच गोष्ट आहे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत भाताच्या रोपासाठी वाफ्यावर पाला, फांद्या, शेण जाळायची पद्धत, तिला राब म्हणतात. इंग्रजांच्या जंगल खात्यानं राबाला नासधूस ठरवलं, लोकांनी इतका आरडाओरडा केला की मुंबई सरकारला त्यासाठी कमिशन बसवावं लागलं, १८८७ साली त्याचा अहवाल आला. राबात राख जास्त, कोळसा कमी, तेव्हा राब म्हणजेच बायोचार असं काही आम्ही म्हणत नाही. तसं म्हणणारे भाषणबाज आहेत, त्यांच्या नादी लागू नका. पण जाळलेला पालापाचोळा जमिनीला घालणं हे शेतकऱ्याचं शहाणपण आहे का गुन्हा आहे, हा वाद नवा नाही, आणि तो नेहमी कुणाच्या हातात काडी आहे यावर ठरत आला, एवढं खरं.

मग बायोचार हे कायद्यात काय आहे? कोळसा या शब्दाची व्याख्या वन कायद्यात दिलेली नाही. लाकडाचा कोळसा असंही म्हटलेलं नाही. तुराटीचा कोळसा, पाचटाचा कोळसा, भुईमुगाच्या टरफलाचा कोळसा हा कोळसा आहे का? वकील दोन्हीकडून बोलतील. नाक्यावरचा गार्ड मात्र एकाच बाजूनं बोलेल. दुसरं, तोच माल पोत्यात भरून खत म्हणून विकायचा म्हटलं तर १९८५ चा खत नियंत्रण आदेश येतो, तो जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा आहे, आणि त्यात यादीबाहेरच्या वस्तूला खत म्हणून विकता येत नाही. आपल्याच शेतात घालायला त्याचा अडथळा नाही, बाजारात मात्र आहे. तिसरं, यंत्र बसवून मोठ्या प्रमाणात करायचा म्हटलं की तो कारखाना, मग हवा प्रदूषणाच्या १९८१ च्या कायद्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. चौथं, त्याच मालाचा कार्बन विकायचा म्हटलं तर तो वेगळाच माल, त्यासाठी केंद्र सरकारनं २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना काढलेली आहे आणि परदेशातल्या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांचे नियम वेगळे आहेत. एक काळा तुकडा. वन खात्यासाठी तो वनउपज, कृषी खात्यासाठी खत, मंडळासाठी कारखान्याचा माल, आणि बाजारासाठी हवा.

युरोपात यावर त्यांनी विचार केलेला दिसतो. तिथं खताच्या २०१९ च्या नियमात अशा भाजलेल्या मालाला पुढं वेगळी जागा दिली, काय भाजलं, कसं भाजलं, त्यात विषारी अंश किती याच्या मर्यादा ठरवल्या. २०२४ मध्ये कार्बन कोंडण्याच्या प्रमाणपत्राचा कायदा केला त्यातही बायोचारचं नाव आहे. म्हणजे तिथं वस्तू कशासाठी वापरणार यावरून वर्ग ठरतो. चुलीसाठी असेल तर इंधन, जमिनीसाठी असेल तर जमिनीचं औषध. आपल्याकडं वर्ग ठरतो तो १९२७ साली इंग्रजाला काय पाहिजे होतं त्यावरून. युरोपचं सगळं चांगलं असं नाही, तिथं गायरान नाही आणि भट्टीवर उचल घेतलेला मजूर नाही, त्यामुळं त्यांच्या कायद्यात मालकीचा आणि मजुरीचा प्रश्नच आलेला नाही. तो आपल्याला विचारायचा आहे.

आता इथं आपल्या संघटनेत दोन मतं आहेत, ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. काही साथींचं म्हणणं, कोळसा पहिल्या यादीतून काढूनच टाका. बांबूचं तसंच झालं. बांबू हे गवत, पण वन कायद्यात त्याला झाड लिहिलं होतं, नव्वद वर्षं गवताला झाड म्हणत सरकारनं ते चालवलं. २०१७ मध्ये कायद्यातला तो शब्द काढला आणि जंगलाबाहेरचा बांबू मोकळा झाला. तसाच कोळसा मोकळा करा.

आम्हाला हे पटत नाही. बांबू कापला तर परत फुटतो. कोळसा मोकळा केला तर ठेकेदार आधी वेडी बाभूळ संपवेल का? नाही. त्याला जड लाकूड पाहिजे. तो आपली गावरान बाभूळ घेईल, लिंब घेईल, बालाघाटाच्या उतारावरचा धावडा घेईल, आणि विचारलं तर वेड्या बाभळीचाच कोळसा म्हणून सांगेल. भाजल्यावर कोणतं झाड होतं ते पोत्याकडं बघून सांगणारे फार थोडे, आणि ते सगळे भट्टीवर मजूर आहेत, नाक्यावर साहेब नाहीत. ज्या जिल्ह्यात एक टक्का जंगल नाही तिथं हा खेळ परवडणार नाही. कच्छच्या बन्नीत वेड्या बाभळीच्या कोळशाला काही वर्षं परवानगी दिली आणि मग परत बंद केली. परवानगी आणि बंदी या दोनच गोष्टी सरकारला येतात. मधली तिसरी गोष्ट, म्हणजे गावाचा ताबा, ती त्यांना सुचत नाही.

आणि तो तिसरा रस्ता कायद्यात आधीच अर्धा बांधलेला आहे. बांबूचंच उदाहरण, पण दुसरी बाजू. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनउपजेची व्याख्या आहे. त्यात बांबू, झुडपी लाकूड, खुंट, वेत, मध, मेण, लाख, तेंदूपानं, औषधी वनस्पती, मुळं, कंद हे सगळं आलं. बांबूबरोबर झुडपी लाकूड आणि खुंट हे शब्द आहेत हे नीट लक्षात ठेवा. कलम ३(१)(ग) नं या उपजेवर गोळा करण्याचा, वापरण्याचा, विकण्याचा आणि मालकीचा हक्क आपला आहे. आणि नियमांमध्ये विकणं म्हणजे काय ते सांगताना गावपातळीवर प्रक्रिया करणं, मूल्य वाढवणं आणि वाहतूक करणं हेही धरलेलं आहे. वाहतुकीचा पास ग्रामसभेची समिती देते. गडचिरोलीच्या मेंढा लेखा गावानं २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवला, तरी बांबू विकायला वन खातं पास देईना, शेवटी २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्राचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. मालकीचा हक्क कायद्यात पहिल्या दिवसापासून होता. हातात यायला गावाला भांडावं लागलं.

आमचं म्हणणं असं. सामूहिक वनहक्क मिळालेल्या जंगलातलं झुडपी लाकूड आणि खुंट जर गौण वनउपज, आणि गावपातळीवर प्रक्रिया करायचा हक्क जर नियमात लिहिलेला, तर ग्रामसभेनं ठरवून, ग्रामसभेच्या देखरेखीखाली त्याचा केलेला कोळसा हा प्रक्रिया केलेली गौण वनउपज आहे. वन खातं म्हणेल की कोळसा १९२७ च्या यादीत आहे. असू दे. मोहाची फुलंसुद्धा त्याच यादीत आहेत, आणि ती आपण आज हक्कानं वेचतो. वनहक्क कायदा नंतर आला, आणि तो आधीचा अन्याय दूर करण्यासाठी आला असं त्याच्या प्रस्तावनेतच लिहिलंय. यावर न्यायालयात भांडावं लागेल हे आम्हाला दिसतं. त्याआधी ग्रामसभांचे ठराव पाहिजेत, व्यवस्थापन आराखड्यात ही गोष्ट लिहिलेली पाहिजे, नाहीतर न्यायालयात दाखवायला कागद नसतो. अभयारण्यात मात्र घाई करू नका. तिथं वन्यजीव कायद्याचं कलम २९ आहे, ते वेगळं प्रकरण आहे.

धाराशिवला अडचण आणखी आहे. इथं पेसा लागू नाही, जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. सामूहिक वनहक्क तर जंगलावर असतो, आणि आपल्या पारधी वस्त्या बहुतेक गायरानावर आहेत. गायरान कागदावर सरकारचं, कारभार ग्रामपंचायतीचा, आणि कसतो आपण. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पूर्वीची दलित आदिवासींची अतिक्रमणं कायम करायची होती, त्यातली किती फाइलींतून बाहेर आली ते आपण जाणतोच. मग २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा म्हणून. त्यात भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी आदेशानं दिलेल्या जमिनींना अपवाद केलेला होता. नोटिसा काढताना निकाल दाखवतात, अपवाद दाखवत नाहीत. २०२२ मध्येही उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर नोटिसांचा पाऊस पडला.

बायोचारचा आणि या नोटिसांचा संबंध काय, असं वाचकांना वाटेल. संबंध थेट आहे. ज्या गायरानावर वेडी बाभूळ माजलीय ते सरकारी कागदात पडीक. पारधी कुटुंब ती बाभूळ मुळासकट खणून, हाताला काटे घेऊन जमीन काढतं, पहिल्या वर्षी बाभळीचा कोळसा विकून बियाणं घेतं. त्याला अतिक्रमण म्हणतात, आणि कोळशाला चोरी. उद्या तेच गायरान एखाद्या कंपनीला बाभूळ काढायला दिलं, त्याच बाभळीचा तिनं बायोचार केला, तर ते पर्यावरणाचं काम होईल, फोटो निघतील. तेव्हा गायरानावर बाभूळ काढायचं काम द्यायचं असेल तर पहिला हक्क तिथं कसणाऱ्याचा, ही मागणी आत्ताच लेखी घातली पाहिजे. कंपनी एकदा आत आली की तिची यंत्रं आत येतात, मग कुंपण येतं.

पैशाचा हिशेबही मांडून ठेवतो. चांगल्या भाजलेल्या एका टन कोळशात पाऊण टनाच्या आसपास कार्बन. एक टन कार्बन म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. म्हणजे एका टन कोळशाला पावणेतीन टन. भाजताना, वाहताना झालेली घट धरून अडीच टन म्हणू. परदेशी बाजारात बायोचारच्या एका टनाच्या श्रेयाला शंभर डॉलरच्या वर भाव मिळालेले आहेत. शंभरच धरले तरी एका टन कोळशामागं अडीचशे डॉलर, म्हणजे वीस हजार रुपयांच्या वर. आणि कोळसा वेगळाच, तो शेतकऱ्याला देतात किंवा विकतात. आता ज्यांच्या घरातलं कुणी भट्टीवर गेलंय त्यांनी पोत्यामागं काय मिळालं, एका टनात किती पोती बसतात, उचलीतून किती कापलं, हे याच्या शेजारी लिहून बघावं. यंत्राचा, मोजमापाचा, प्रमाणपत्राचा खर्च कंपनीला असतो हे कबूल. सगळा पैसा नफा नाही. पण तो हिशेब आपल्यासमोर मांडायला सांगणं हा आगाऊपणा होत नाही.

उचलीबद्दल स्पष्ट लिहायला पाहिजे. मुकादमाकडून पावसाळ्यात उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत भट्टी सोडता यायची नाही, याला १९७६ च्या कायद्यानं वेठबिगारी म्हणतात, आणि वेठबिगार राबवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कार्बनच्या प्रमाणपत्राच्या कागदात मजुरांच्या हक्काचे रकाने असतात. ते रकाने भरायला येणारा माणूस दिवसा येतो, मुकादम शेजारी उभा असतो, आणि मजूर मान डोलावतो. तो कोळसा जमिनीत हजार वर्षं टिकेल, पण तो भाजणाऱ्या बाईची मुलं शाळेतून सहा महिने गायब, हे त्या टनात कुठं मोजतात?

राहिला शेताचा प्रश्न. जमिनीला याचा फायदा होतो का? होतो, पण सगळीकडं सारखा नाही. कोळशाला बारीक भोकं असतात, त्यात पाणी आणि खत धरून राहतं. कोकणातल्या आंबट तांबड्या मातीत त्याचा गुण चांगला येतो, कारण कोळसा खारट अंगाचा आहे, तो आंबटपणा मोडतो. आपली काळी चुनखडीची जमीन आधीच त्या अंगाची आहे. तिथं पोतीच्या पोती टाकून फार काही हाती लागेल असं समजू नका. मुरमाड माळावर, जिथं पाणी ठरत नाही तिथं करून बघायला हरकत नाही. आणि कोरा कोळसा तसाच कधी टाकू नये, तो पिकाच्या तोंडचं नत्र ओढून घेतो. आधी शेणखतात, गोमूत्रात महिनाभर मुरवावा. तुराट्या जर घरात चुलीला लागत असतील तर त्या कुणाला विकून गॅसच्या टाकीला पैसे मोजायचे का, हा हिशेब घरातल्या बाईला विचारून करावा, चावडीवर बसून करू नये.

एक सावधगिरी. कार्बनच्या करारात बहुतेक वेळा एक ओळ असते, की या जमिनीतून किंवा या मालातून निघणाऱ्या कार्बनचे सर्व हक्क कंपनीकडे राहतील. कधी दहा वर्षं, कधी त्याहून जास्त. कार्बन हा शब्द वनहक्क कायद्यात नाही, सातबारावर नाही. म्हणून तो कुणाचाच नाही असं समजून लोक सही करतात. जे झाड आमचं, जी तुराटी आमची, तिच्यातला कार्बन आमचा, असं आमचं मत आहे, आणि उलट सांगणारा कुठला कायदा कुणी दाखवेपर्यंत आम्ही ते सोडणार नाही. सरपंच किंवा ग्रामसेवक एकटा अशी सही करत असेल तर ती ग्रामसभेत विचारा.

खाली ठरावाचा मसुदा देत आहोत. सामूहिक वनहक्काची गावं आणि गायरानाची गावं, दोघांनाही चालेल असा केला आहे, जे लागू नाही ते खोडावं.

"आजच्या ग्रामसभेत ठरले की, गावाच्या हद्दीतील सामूहिक वनक्षेत्रातील झुडपी लाकूड व खुंट, तसेच गायरानावरील वेडी बाभूळ, यांचा कोळसा किंवा बायोचार करण्याचा निर्णय फक्त ग्रामसभा घेईल. गायरानावर बाभूळ काढण्याचे काम व त्यातून येणाऱ्या मालाचा पहिला हक्क त्या जमिनीवर कसणाऱ्या व राहणाऱ्या कुटुंबांचा राहील. गावरान बाभूळ, लिंब, चिंच, बोर, खैर, धावडा, मोह यांच्या लाकडाचा कोळसा कुणीही करणार नाही. कार्बनच्या हक्काबाबत कोणताही करार मराठीत लिहून, ग्रामसभेत वाचून दाखवून, महिलांच्या निम्म्या उपस्थितीत मंजूर झाल्याशिवाय कोणीही त्यावर सही करू नये, केल्यास ती गावावर बंधनकारक राहणार नाही. बाहेरगावचे मजूर भट्टीवर आल्यास त्यांना उचलीवर अडकवले जाणार नाही, मजुरी दर आठवड्याला हातात दिली जाईल, व त्यांच्या मुलांची नावे गावच्या शाळेत घातली जातील."

ठरावावर हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्यावेत, नावाखाली वस्तीचं नाव लिहावं. एक प्रत तहसीलदाराला, एक वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला पोच घेऊन द्यावी, आणि एक प्रत पोचेच्या शिक्क्यासकट आपल्या कचेरीत आणून द्यावी. पोच देत नसतील तर पोस्टानं पाठवून पावती जपून ठेवावी.